पायांसाठी बांधलेला रस्ता

कुस्कोहून माचू पिचूच्या दिशेने जाणारी रेल्वे उरुबाम्बा नदीच्या काठाकाठाने जाते. या मार्गावर ८२व्या किलोमीटरला पिस्काकुचो नावाची लहानशी वस्ती आहे. मोटारींचा रस्ता इथे संपतो आणि चार दिवसांची, साधारण ४३ किलोमीटरची पायवाट सुरू होते. पेरूमधली ही सगळ्यात प्रसिद्ध वाट. जगभरचे ट्रेकर तिला ‘इंका ट्रेल’ म्हणतात. नदीवरचा पूल ओलांडण्याआधी सरकारी चौकी लागते. तिथे पासपोर्ट आणि परवाना तपासतात, आणि त्याच चौकीत पोर्टरांची ओझी काट्यावर घालतात. एका पोर्टरच्या पाठीवर गटाचं सामान २० किलोपेक्षा जास्त चालत नाही. त्याच्या स्वतःच्या कपड्या-अंथरुणाचे पाचेक किलो वेगळे. काटा पुढे गेला तर सामान उतरवावं लागतं.

हा नियम २००१ साली पोर्टरांसाठी झालेल्या कायद्यातून आला. त्याआधी ४० किलो आणि त्याहून जड ओझी घेऊन माणसं या डोंगरात धावत होती. तंबू, गॅसच्या टाक्या, खुर्च्या, भांडीकुंडी सगळं पाठीवर. या वाटेची गोष्ट त्या काट्यापासून सांगायला हवी असं मला वाटतं, कारण तिचा प्रत्येक दगड माणसाच्या पाठीचा आणि पायांचा हिशोब करून बसवलेला आहे. आपण माचू पिचू बघायला जातो आणि वाटेला तिथे पोचण्याचं साधन समजतो. प्रत्यक्षात इंकांनी मागे ठेवलेलं सर्वांत मोठं बांधकाम हा रस्ताच आहे.

त्याच्या आकाराची कल्पना आधी घेऊ. इंकांच्या राज्यात रस्त्यांचं जे जाळं होतं त्याला ‘कापाक न्यान’ म्हणतात. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण भागापासून इक्वेडोर, पेरू, बोलिव्हियामार्गे चिली आणि अर्जेंटिनापर्यंत ते पसरलं होतं. २०१४ साली युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा त्याची लांबी ३०,००० किलोमीटर सांगितली, आणि प्रस्ताव सहा देशांनी मिळून दिला होता. काही भाग इंकांच्या आधीच्या लोकांनी बांधलेला होता, इंकांनी तो जोडला, वाढवला. समुद्रकाठचं वाळवंट, ६,००० मीटरच्या आगेमागे असलेली हिमशिखरं आणि अॅमेझॉनच्या बाजूचं ओलं जंगल या तिन्हींतून हा रस्ता जातो.

आणि या रस्त्यावर चाक कधी फिरलं नाही. इंकांकडे गाडी नव्हती, घोडा-बैल नव्हते, लोखंड नव्हतं, आपण ज्याला लिपी म्हणतो तीही नव्हती. हिशोब ठेवायला ‘किपू’ नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्या होत्या. ओझं वाहणारं जनावर एकच, लामा. लामाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो टाकता येतात. त्याहून जास्त टाकलं की तो बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणजे रस्ता आखणाऱ्यांसमोर दोनच प्रवासी होते, माणूस आणि लामा. दोघांनाही पायऱ्या चढता येतात. चाकाच्या रस्त्याला चढ आला की वळणं घ्यावी लागतात, डोंगराला लांबच लांब वळसे घालावे लागतात. पायांच्या रस्त्याला ती अडचण नाही. इंकांचा रस्ता चढ आला की जिना होतो आणि सरळ वर जातो. पुढे १५३२ साली स्पॅनिश आक्रमक पिझारोची माणसं घोड्यांवरून या देशात शिरली तेव्हा याच जिन्यांनी त्यांना हैराण केलं. तरीही ज्यांनी हे रस्ते डोळ्यांनी पाहिले त्या स्पॅनिश लेखकांनी त्यांची तोंड भरून स्तुती केली आहे. पेद्रो सिएसा दे लिऑन हा त्यांतला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार; त्याच्या इतिवृत्ताचा पहिला भाग १५५३ साली छापला गेला.

रस्ता बांधला आणि सोडून दिला असं नव्हतं. ठरावीक अंतरावर ‘ताम्बो’ असत, म्हणजे मुक्कामाची जागा आणि तिला लागून कोठारं. कोठारांत मका, सुकवलेलं मांस, कापड आणि ‘चुन्यो’ भरलेला असे. चुन्यो म्हणजे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवून, दिवसा उन्हात वाळवून आणि पायांनी तुडवून पाणी काढलेला बटाटा. तो वर्षानुवर्षं टिकतो. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या मागोमाग आला. रस्त्यावर ‘चास्की’ नावाचे जासूद एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवत धावत. रस्ता ज्या गावांच्या हद्दीतून जाई त्या गावांनी तो दुरुस्त ठेवायचा, हा कर होता. इंका राज्यात कर पैशांत नव्हता, श्रमात होता. त्याला ‘मिता’ म्हणत. आपल्या इतिहासात ज्याला वेठ म्हणतात तिच्याशी याचं साम्य आहे, पण एक फरक मोठा आहे: कामाला आलेल्याला राज्य खाऊपिऊ घाली, आणि घरच्या शेताकडे गावातले बाकीचे बघत.

या पद्धतीचा एक जिवंत धागा आजही सापडतो. कुस्कोच्या दक्षिणेला, अपुरिमाक नदीवर, केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे. दर वर्षी जूनमध्ये आसपासच्या चार वस्त्यांमधले लोक जमतात, डोंगरातलं गवत वळून आधी बारीक दोऱ्या, मग त्यांचे जाड दोर करतात आणि जुना पूल सोडून नवा बांधतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. पलीकडे जायला जवळच पक्का पूल आहे. तरी गावकरी दर वर्षी दोर वळतात.

आता वाटेवर येऊ. पहिला दिवस अंग सैल करायचा. पिस्काकुचो सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. तिथून नदीकाठाने, निवडुंगांच्या कोरड्या उतारांवरून जात संध्याकाळी ३,००० मीटरवरच्या वायाबाम्बा गावाच्या परिसरात पोचायचं. वाटेत कुसीचाका ओढा उरुबाम्बाला मिळतो, आणि त्या संगमाच्या वर पातायाक्ताचे अवशेष एकदम दिसतात. डोंगराच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या शेताच्या दगडी पायऱ्या, त्यांच्यावर घरांच्या ओळी. ही वस्ती शेतीसाठी होती. माचू पिचूला लागणारा मका अशाच खालच्या, उबदार खोऱ्यांतून वर जात असावा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अॅन केंडल यांनी १९७०च्या दशकापासून या खोऱ्यात काम केलं. त्या नुसतं उत्खनन करून थांबल्या नाहीत. गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांनी इंकांचे बुजलेले पाट जुन्याच पद्धतीने, सिमेंट न वापरता दुरुस्त केले आणि पडीक पायऱ्यांवर पुन्हा पीक उभं राहिलं. अवशेषांचं जतन कसं करावं याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरा दिवस दमाचा. वायाबाम्बापासून वार्मिवान्युस्का खिंडीपर्यंत १,२०० मीटर सरळ चढ. खिंडीची उंची ४,२१५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या, तब्येतीने कणखर माणसालाही इथे वीस पावलांवर थांबावं लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. उंची बाधण्याचा शारीरिक ताकदीशी संबंध फारसा नसतो. तरुण, व्यायाम करणारी माणसं अनेकदा जास्त त्रास भोगतात, कारण ती घाई करतात.

म्हणून सांगायला हवं ते इथेच सांगतो. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. तिथे किंवा खालच्या उरुबाम्बा खोऱ्यात निदान दोन-तीन दिवस आधी जाऊन राहावं, हळू फिरावं, पाणी भरपूर प्यावं, मद्य टाळावं. अॅसेटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला तर उपाय एकच, खाली उतरणं. ते गाइडला लपवून ठेवू नये. स्थानिक लोक कोकाची पानं गालात धरतात, पाहुण्यांना त्यांचा काढा देतात. पेरूमध्ये ते कायदेशीर आहे आणि हजारो वर्षांच्या व्यवहाराचा, पूजेचा भाग आहे. पण ती पानं भेट म्हणून पिशवीत टाकून भारतात आणू नयेत, आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं.

चढताना निम्म्या वाटेवर पोलिलेपिसच्या झाडांचं जंगल लागतं. कागदासारख्या साली सोलून निघत असलेली, वेडीवाकडी, तांबूस खोडं. इतक्या उंचीवर झाड म्हणून उभी राहणारी ही जगातल्या मोजक्या जातींपैकी एक. जंगलाच्या वर फक्त पिवळं गवत आणि वारा. खिंडीपलीकडे ६०० मीटर उतरून पाकायमायोच्या खोऱ्यात तंबू लागलेले असतात.

ते तंबू लावतं कोण, हे बघितलं पाहिजे. सकाळी ट्रेकर चहा पिऊन निघतात. त्यांच्यामागे पोर्टर तंबू पाडतात, भांडी घासतात, सगळं बांधतात, आणि तासाभरात त्याच चढावर त्यांना मागे टाकून पुढे जातात. दुपारी आपण धापा टाकत पोचतो तेव्हा जेवणाचा तंबू उभा असतो, गरम सूप तयार असतं. जेवण झालं की पुन्हा तेच सगळं. यांतले बहुतेक शेतकरी आहेत, कुस्कोच्या आसपासच्या उंच गावांतले, क्वेचुआ बोलणारे. बटाटा आणि मका यांची कामं संपली की ते वाटेवर येतात. अनेकांच्या पायांत कित्येक वर्षं टायरच्या रबराच्या चपला असत. आता चांगल्या कंपन्या बूट, पाठीला आधार देणाऱ्या सॅक आणि झोपायला वेगळे तंबू देतात; सगळ्याच देतात असं नाही. पूर्वी पाहुणे जेवून उठेपर्यंत पोर्टरांना बाहेर थांबावं लागे, कारण त्यांची झोपायची जागा म्हणजे तोच जेवणाचा तंबू. अलीकडे काही गटांमध्ये बायकाही पोर्टर म्हणून येऊ लागल्या आहेत.

इंकांच्या मितावर आलेला माणूस आणि आजचा पोर्टर यांना जोडून एक गोड चित्र रंगवायचा मोह अनेक लेखकांना होतो. तो टाळावा. आजचा पोर्टर परंपरा राखायला ओझं उचलत नाही, मजुरीसाठी उचलतो. आणि त्याच्या मजुरीचा, झोपेचा, जेवणाचा प्रश्न आजचा आहे. या वाटेवर स्वतंत्रपणे जाता येत नाही, परवानाधारक कंपनी आणि गाइड घ्यावाच लागतो. म्हणजे कोणती कंपनी निवडायची हे आपल्या हातात आहे. पोर्टरांना दिवसाला किती देता, ते रात्री कुठे झोपतात, काय खातात, विमा आहे का, हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. सर्वांत स्वस्त सहलीतला स्वस्तपणा बहुधा त्यांच्याच पाठीवरून आलेला असतो.

परवान्यांची संख्या मर्यादित आहे. दिवसाला ५०० माणसं; त्यांत प्रवासी साधारण २००, उरलेले गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर. कोरड्या महिन्यांचे, म्हणजे मे ते सप्टेंबरचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. परवाना नावाने आणि पासपोर्ट क्रमांकाने मिळतो, दुसऱ्याला देता येत नाही. हे नियम या शतकाच्या सुरुवातीला आले. त्याआधी वाट सगळ्यांना मोकळी होती. हवं तिथे तंबू, हवं तिथे शेकोटी, अवशेषांच्या भिंतींना टेकून कचरा. आता लाठीच्या टोकाला रबर लागतं, कारण लोखंडी टोकांनी दगडांवर चरे पडत होते. खेचरं वायाबाम्बाच्या पुढे नेता येत नाहीत, त्यांच्या नालांनी फरसबंदी उखडते.

तिसरा दिवस सर्वांत लांब, आणि या प्रवासाचं सारं सार त्यात आहे. पाकायमायोतून वर चढताना रुंकुराकायचा लंबगोल ठाणेवजा वाडा लागतो. भिंतीत उभं राहिलं की मागे कालची खिंड आणि खालचं खोरं, दोन्ही नजरेच्या टप्प्यात. मग ४,००० मीटरच्या जवळपास असलेली दुसरी खिंड. तिच्यापलीकडे वाटेचं रूप पालटतं. आतापर्यंत बरीचशी पायवाट दुरुस्तीची, नंतर बसवलेल्या दगडांची होती. इथून पुढे बहुतेक मूळची इंकांची फरसबंदी सुरू होते. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या दगडावर पाय पडतो आणि दगड हलत नाही.

खिंडीखाली एका सुळक्याच्या सोंडेवर सायाकमार्का आहे. तिन्ही बाजूंना कडा, वर जायला एकच अरुंद जिना. सोंडेच्या आकारातच घरं, अंगणं, पाण्याची कुंडं बसवलेली. माचू पिचू जगापुढे आणणारा अमेरिकन हायरम बिंगहॅम १९१५ साली इथून गेला होता. पण या मधल्या ठिकाणांचं नीट सर्वेक्षण केलं पॉल फेयोश याने, १९४०-४१च्या मोहिमेत. फेयोशची कहाणी विलक्षण आहे. मूळचा हंगेरियन, वैद्यकीचं शिक्षण घेतलेला, मग चित्रपट दिग्दर्शक. त्याचा ‘लोनसम’ हा १९२८चा चित्रपट आजही अभ्यासला जातो. हॉलिवूड सोडून तो मानववंशशास्त्राकडे वळला आणि विल्काबाम्बाच्या जंगलात मजुरांची फौज घेऊन या अवशेषांवरची झाडी साफ करत राहिला. सायाकमार्का हे नावही त्याच्याच मोहिमेतलं.

पुढे वाट दलदलीतून जाते. इथे इंकांनी चिखलात दगड भरून जमिनीपेक्षा उंच बांध घातला आहे आणि वर सपाट फरशी. खाली पाणी, वर कोरडा रस्ता. त्यापुढे एका ठिकाणी कडा आडवा आला तर त्यांनी खडकातली नैसर्गिक फट रुंद करून पंधरा-वीस मीटरचा बोगदा केला, आत पायऱ्या कोरल्या. हत्यारं काय, तर कठीण दगडाचे हातोडे, कांस्याच्या पहारी आणि वेळ. काही ठिकाणी जिन्याच्या सलग पायऱ्या एकाच अखंड खडकात खोदलेल्या दिसतात. कड्याच्या पोटाला चिकटून जाणारा रस्ता खालून रचलेल्या भिंतीवर तोललेला आहे. चालणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. वळणावर थांबून मागे पाहिलं की कळतं, आपण दहा-बारा पुरुष उंचीच्या रचीव दगडांवरून आलो.

इथे एक प्रश्न मनात येतो आणि तो महत्त्वाचा आहे. माचू पिचूला जायचं तर खाली उरुबाम्बाचं खोरं होतं. राजाने एवढ्या उंचावरून, तीन खिंडी ओलांडत रस्ता का न्यावा? पुरातत्त्वज्ञ योहान राइनहार्ड यांनी याचं उत्तर डोंगरांत शोधलं. इंकांसाठी हिमशिखरं म्हणजे ‘अपू’, पाऊस आणि पाणी देणारे देव. माचू पिचूच्या दक्षिणेला सालकांताय, ६,२७१ मीटर, पूर्वेला वेरोनिका. या वाटेवरून चालताना ही शिखरं पुन्हा पुन्हा समोर येतात, खिंडीखिंडीतून दर्शन देतात. वाटेवरची जवळजवळ प्रत्येक वस्ती पाण्याच्या कुंडांशी बांधलेली आहे. राइनहार्डच्या मते हा यात्रेचा रस्ता होता, चालणाऱ्याला टप्प्याटप्प्याने तयार करत नेणारा. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण तिसऱ्या खिंडीवर, ३,६०० मीटरच्या वर, फुयुपाटामार्काची एकाखाली एक उतरणारी दगडी कुंडं पाहिली की त्याचं म्हणणं मला तरी फार बळकट वाटतं. त्या कुंडांमधून आजही पाणी वाहतं. नुसती मालाची ने-आण करायची असती तर ढगांत एवढा खर्च कोणी केला नसता.

फुयुपाटामार्कापासून विन्याय वाय्नापर्यंत १,००० मीटर उतार, सगळा पायऱ्यांचा. गुडघे बोलू लागतात. पण आजूबाजूचं जग बदलत जातं: गवत संपतं, ढगांचं जंगल सुरू होतं, फांद्यांवर शेवाळ, ऑर्किड, गुंजारव करणारे पक्षी, अँडीजचं चश्मेवालं अस्वल याच पट्ट्यातलं. विन्याय वाय्ना २,६५० मीटरवर आहे. उभ्या उतारावर वळत गेलेल्या शेतीच्या पायऱ्या, मधून खाली जाणारा जिना, जिन्याच्या कडेने कुंडांची रांग, वर आणि खाली घरांचे दोन समूह. पेरूचे थोर पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांनी १९४२ साली इथे काम केलं आणि तिथे फुलणाऱ्या एका ऑर्किडचं नाव या जागेला दिलं. सौंदर्यात ही जागा माचू पिचूहून कमी नाही, आणि इथे निवांत बसता येतं.

या मुक्कामावर पोर्टरांचा निरोप घ्यायचा असतो. पहाटे तीन-साडेतीनला ते सामान बांधून खाली रेल्वेकडे धावतात, कारण त्यांना पहाटेची गाडी पकडायची असते. वाटेच्या दुसऱ्या टोकाला जे आहे ते त्यांच्या कामात येत नाही. कित्येक पोर्टर वर्षातून अनेक वेळा ही वाट चालतात आणि माचू पिचूच्या आत पाऊल न टाकता घरी जातात. निरोपाच्या वेळी गटाने गोळा करून दिलेलं बक्षीस त्यांच्या हातात थेट द्यावं.

चौथ्या दिवशी पहाटे उरलेले पाच-सहा किलोमीटर. शेवटचा उभा जिना चढून इंतिपुंकूच्या दगडी दारात उभं राहिलं, की ढग नसतील तर खाली माचू पिचू.

त्या जागेबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपतो. २,४३० मीटरवरची ही राजा पाचाकुतीची मालमत्ता होती. १५६८ सालच्या स्पॅनिश कागदपत्रांत या जमिनी त्याच्या असल्याची नोंद सापडली. बांधकाम १४५०च्या सुमाराचं मानत आले होते. २०२१ साली तिथल्या अस्थींचं कालमापन प्रसिद्ध झालं आणि वस्ती १४२०च्या आसपासच सुरू झाली असावी असं दिसलं. बिंगहॅम २४ जुलै १९११ला इथे आला तो मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याला वाटाड्या घेऊन, आणि वर त्याला दगडी पायऱ्यांवर पीक काढणारी कुटुंबं भेटली. कुस्कोच्या भागातला आगुस्तिन लिसार्रागा तर १९०२ सालीच येऊन भिंतीवर नाव लिहून गेला होता. शहर हरवलं होतं ते फक्त बाहेरच्यांसाठी.

मला जास्त मोलाचं वाटतं ते २०२३ साली प्रसिद्ध झालेलं जनुकीय संशोधन. माचू पिचूत पुरलेल्या ३४ माणसांच्या अस्थी तपासल्या. ते राजघराण्यातले नव्हते. राजा येवो न येवो, वर्षभर इथे राहून जागा चालवणारे सेवक होते. त्यांचं मूळ एका प्रांतातलं नव्हतं. किनाऱ्यावरचे, पठारावरचे, अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, साम्राज्याच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतून आणलेले लोक एकत्र राहत होते, एकत्र पुरले गेले. तेही याच रस्त्यांच्या जाळ्यावरून इथे आले असणार, आणि पायीच.

इंकांचं बांधकाम कसं टिकलं याचा शोध अमेरिकन जलअभियंते केनेथ राइट यांनी घेतला. माचू पिचूवर वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन खचणारी, खाली दोन भ्रंशरेषा. राइट यांनी झऱ्यापासून येणारा ७४९ मीटरचा पाट मोजला, एकापाठोपाठ एक बसवलेल्या १६ कारंज्यांचा प्रवाह तपासला आणि निष्कर्ष काढला की इंकांच्या श्रमांपैकी सुमारे ६० टक्के जमिनीखाली गेले आहेत: पाये, खडीचे थर, निचऱ्याच्या मोऱ्या. वरच्या सुबक भिंती उभ्या आहेत त्या या न दिसणाऱ्या कामामुळे. वाटेवरही तेच आहे. फरशीखाली ठिकठिकाणी दगडी मोऱ्या आहेत, उताराकडच्या भिंतींत पाणी सोडायच्या फटी आहेत. मोरी तुंबली की पहिल्या जोरदार पावसात रस्ता वाहून जातो. जानेवारी २०१०च्या अतिवृष्टीत खोऱ्यातली रेल्वे तुटली, हजारो प्रवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं, आणि वाटेवर दरड कोसळून माणसं दगावली.

म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत, ऐन पावसात, ही वाट प्रवाशांना बंद असते. माचू पिचू उघडं राहतं, रेल्वे चालू असते. डोंगरातल्या वाटेवर मात्र त्या महिन्यात फक्त दुरुस्तीची माणसं असतात. ती मोऱ्यांमधला गाळ काढतात, सुटलेल्या पायऱ्या पुन्हा बसवतात, पडलेल्या भिंती रचतात, मुक्कामाच्या जागा साफ करतात. १ मार्चला चौकी उघडते.